पश्चिमेकडील चरित्रें : जस्टिशियराची बेडी

कॉलेजांत शेक्सपिअरचें ‘किंग जॉन’ हें नाटक ज्यांनीं अभ्यासिलें असेल, त्यांस ह्यूबर्ट हें नांव खचित आठवत असेल. कोवळ्या वयाच्या एका राजपुत्राचे डोळे तापलेल्या सळईनें फोडावे अशी आज्ञा घेऊन तो बंदिशाळेंत शिरतो, आणि त्या मुलाच्या आर्जवानें त्याचा हात जागच्या जागीं थिजतो. राजा जॉनच्या मृत्यूबरोबर नाटक संपतें, व प्रेक्षकांचा ह्यूबर्टाशीं असलेला संबंधही तेथेंच संपतो. परंतु इतिहासांतील ह्यूबर्ट डी बर्ग ह्याचें खरें चरित्र तेथून पुढेंच रंगतें. हा पुरुष इ. स. १२१५ पासून १२३२ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षें, इंग्लंडचा जस्टिशियर होता. राजाच्या खालोखाल सर्व सत्ता त्याच्या हातीं होती. आणि ज्या न्यायाचा तो अधिपति होता, तोच न्याय मिळावा म्हणून त्याला एके रात्रीं अंथरुणांतून उठून, अंगावर वस्त्र नसतां, एका लहानशा प्रार्थनामंदिराकडे धांव घ्यावी लागली. ह्या अधिकाराची व ह्या पुरुषाची हकीकत ह्या वेळीं वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जस्टिशियर ह्या शब्दाचा सरळ अर्थ न्यायाधिकारी. पण एवढ्या अर्थानें त्या पदाची कल्पना येत नाहीं. नॉर्मंडीच्या विल्यमनें इ. स. १०६६ मध्यें इंग्लंड जिंकलें, तेव्हांपासून इंग्लंडच्या राजांचा संसार खाडीच्या दोन्ही तीरांवर पसरलेला होता. दुसऱ्या हेन्रीच्या काळीं तर स्कॉटलंडच्या सीमेपासून पिरिनीज पर्वतापर्यंतचा मुलूख एकाच धन्याचा होता. धनी फ्रान्सांत असला म्हणजे इकडे राज्य कोणी पाहावें? आपल्याकडील जुन्या दप्तरांत धन्याच्या वतीनें शिक्का चालविणारा मुतालिक आढळतो. जस्टिशियर हा इंग्लंडच्या राजाचा तसाच मुतालिक. राजा समुद्रापलीकडे गेला म्हणजे आज्ञापत्रें जस्टिशियराच्या स्वतःच्या नांवानें सुटत. राजसभेंतील न्यायासनावर तो बसे, गांवोगांव फिरणाऱ्या न्यायाधीशांस तो सूचना देई, आणि खजिन्याच्या हिशेबाच्या वेळीं अग्रस्थान त्याचेंच असे. हा हिशेब ज्या मेजावर होई, त्यावर सोंगट्यांच्या पटासारखें चौकटींचें कापड अंथरलेलें असे. त्यावरूनच त्या कचेरीस ‘एक्स्चेकर’ हें नांव पडलें. प्रत्येक परगण्याच्या शेरीफानें वर्षांतून दोनदां तेथें येऊन पै न पै समजावून द्यावी असा परिपाठ होता. न्याय व वसूल हीं दोन्ही सूत्रें ज्याच्या हातीं, त्याला उगाच प्रतिराजा म्हटलेलें नाहीं.

ह्या पदावर बसलेल्या माणसांची परंपराही मोठी विलक्षण आहे. पहिल्या हेन्रीच्या वेळीं सॉल्सबरीचा बिशप रॉजर हा ह्या अधिकाराचा आद्य पुरुष होय. हिशेबाची घडी त्यानेंच बसविली. पण पुढील राजा स्टीफन ह्यानें इ. स. ११३९ मध्यें त्याला अकस्मात् कैद करून त्याचे किल्ले हिसकावले, व त्याच वर्षाच्या अखेरीस तो मरण पावला. दुसऱ्या हेन्रीचा जस्टिशियर रॅनल्फ ग्लॅन्व्हिल ह्याच्या नांवावर इंग्रजी कायद्याचा एक जुना व मान्यवर लॅटिन ग्रंथ चालतो. तो त्यानेंच लिहिला कीं काय ह्याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. सिंहहृदयी म्हणून गाजलेला राजा रिचर्ड आपल्या दहा वर्षांच्या राजवटींत अवघे सहाएक महिने इंग्लंडांत राहिला. तो जर्मनीच्या बादशहाच्या कैदेंत पडला तेव्हां दीड लक्ष मार्कांचा दंड ठरला. त्याची मोठी रक्कम गोळा करून राजाला सोडवून आणण्याचें कार्य ज्यांच्या माथीं पडलें, त्यांत जस्टिशियर ह्यूबर्ट वॉल्टर हा प्रमुख होता. हा एकाच वेळीं कॅन्टरबरीचा आर्चबिशपही होता. राजाचें सिंहासन रिकामें असतां राज्य चालत राहिलें, ह्याचें श्रेय बव्हंशीं ह्या पदासच द्यावें लागेल.

आमचा चरित्रनायक ह्यूबर्ट डी बर्ग हा मात्र मोठ्या घराण्यांतला नव्हता. नॉर्फक परगण्यांतील एका साधारण स्थितीच्या कुटुंबांत तो जन्मला, आणि राजपुत्र जॉनच्या पदरीं राहून आपल्या कर्तबगारीनें वर चढला. जॉन गादीवर आला तेव्हां थोरल्या भावाचा मुलगा आर्थर हा त्याचा प्रतिस्पर्धी ठरला. १ ऑगस्ट १२०२ रोजीं मिराबो येथें हा पंधरा वर्षांचा पुतण्या काकाच्या हातीं सांपडला, व फालेझच्या किल्ल्यांत ह्यूबर्टाच्या पहाऱ्यांत ठेवला गेला. कॉगेशॉल मठाचा मठाधिपति रॅल्फ ह्यानें आपल्या बखरींत लिहून ठेविलें आहे कीं, मुलाचे डोळे काढून त्याला नपुंसक करावें अशी आज्ञा घेऊन राजाचे लोक आले असतां ह्यूबर्टानें ती अमलांत येऊं दिली नाहीं. राजाचा राग शमला म्हणजे त्याला ह्या कृत्याचा पश्चात्ताप होईल, हा त्याचा होरा. त्यानें आर्थर मेल्याची हूल उठविली. पण त्यामुळें ब्रिटनी प्रांत सूडानें पेटला, तेव्हां मुलगा जिवंत असल्याचें त्याला प्रकट करावें लागलें. पुढें आर्थरला रूआँ येथें हलविण्यांत आलें, आणि इ. स. १२०३ मध्यें तो जगाच्या दृष्टीआड झाला तो कायमचा. ह्यूबर्टाच्या हातून ती हत्या झाली नाहीं, एवढें त्याच्या पुण्याईच्या बाजूस मांडलें पाहिजे.

तेथून पुढें त्याच्या निष्ठेची परीक्षा तीनदां झाली. शिनाँचा किल्ला त्यानें फ्रेंचांविरुद्ध इ. स. १२०५ पर्यंत लढविला व जखमी होऊनच तो शत्रूच्या हातीं पडला. जून १२१५ मध्यें रनिमीडच्या कुरणांत सरदारांनीं जॉनकडून मोठी सनद, म्हणजे मॅग्ना कार्टा, लिहवून घेतली. ज्यांच्या सल्ल्यानें ती दिली त्यांच्या यादींत ह्यूबर्टाचें नांव आहे, आणि त्याच सुमारास तो जस्टिशियर झाला. पुढल्या वर्षीं फ्रान्सचा युवराज लुई सैन्यानिशीं इंग्लंडांत उतरला, निम्मे सरदार त्यास मिळाले, आणि ऑक्टोबरांत जॉन मरण पावून नऊ वर्षांचा तिसरा हेन्री गादीवर आला. अशा वेळीं ह्यूबर्टानें डोव्हरचा किल्ला शेवटपर्यंत शत्रूस दिला नाहीं. लुईच्या मदतीस येणारें फ्रेंच आरमार २४ ऑगस्ट १२१७ रोजीं सँडविचजवळ गांठून त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं धुळीस मिळविलें. इंग्रज गलबतांनीं प्रथम वाऱ्याची बाजू साधली आणि मग कळीच्या चुन्याची भुकटी वाऱ्यावर उधळून शत्रूचे डोळे अंध केले, असें वर्णन आहे. लुई परत गेला, आणि राज्य बालराजाच्या वंशांत राहिलें.

वृद्ध राजप्रतिनिधि विल्यम मार्शल इ. स. १२१९ मध्यें वारल्यावर राज्याचा भार हळूहळू ह्यूबर्टाकडेच आला. यादवीनें मोडलेली हिशेबाची व न्यायाची यंत्रणा पुनः सुरूं करणें, न्यायाधीशांच्या फेऱ्या परगण्यांतून काढणें, आणि युद्धकाळांत ज्यांनीं राजाचे किल्ले बळकावून ठेविले होते त्यांजकडून ते सोडवून घेणें, हीं कामें कंटाळवाणीं पण प्रजेच्या सुखाचीं होतीं. तीं त्यानें नेटानें केलीं. डन्स्टेबल येथें बसलेल्या न्यायाधीशांनीं फॉक्स डी ब्रोटे नामक दांडग्या सेनानीविरुद्ध निकाल दिले, तेव्हां त्याच्या भावानें हेन्री ऑफ ब्रेब्रुक ह्या न्यायाधीशालाच पळवून बेडफर्डच्या किल्ल्यांत डांबलें. न्यायासनावर बसलेल्या माणसाच्या अंगाला हात लागला, हें ह्यूबर्टानें सोसलें नाहीं. इ. स. १२२४ च्या उन्हाळ्यांत आठ आठवडे वेढा देऊन किल्ला घेतला गेला, आंतील ऐशींहून अधिक लोक फांसावर चढले, आणि किल्ला पाडून टाकण्यांत आला. पुढल्या वर्षीं प्रजेनें जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा कर म्हणून देऊं केला व राजानें त्याबद्दल मोठी सनद पुनः दिली. साक्षीदारांच्या नांवांत जस्टिशियर ह्यूबर्टाचें नांव आहे. समान दर्जाच्या लोकांच्या न्याय्य निर्णयावांचून किंवा देशाच्या कायद्यावांचून कोणाही स्वतंत्र माणसास कैद करूं नये, त्याची मालमत्ता हरण करूं नये, त्याचा नाश करूं नये, असें तींत कलम आहे. हें कलम इंग्लंडच्या कायद्याच्या पुस्तकांत आजही जिवंत आहे.

एवढ्यावर आम्ही लेखणी ठेविली असती तर वाचकांपुढें एक निष्कलंक पुरुष उभा राहिला असता. परंतु इतिहास तसें करूं देत नाहीं. इ. स. १२२२ च्या जुलै महिन्यांत लंडनकर व वेस्टमिन्स्टरकर ह्यांच्यांत कुस्त्यांचा सामना झाला. लंडनकर जिंकले. वेस्टमिन्स्टरच्या मठाच्या कारभाऱ्यानें सूड म्हणून दुसरा सामना ठरविला, आणि निःशस्त्र आलेल्या लंडनकरांवर हत्यारबंद लोक घातले. शहर खवळलें, कॉन्स्टन्टाइन फिट्झ अथल्फ नांवाच्या एका वजनदार नागरिकाच्या पुढारीपणाखालीं जमावानें मठाधिपतीचीं घरें पाडलीं, व फ्रेंच युवराज लुई ह्याच्या नांवाचा जयघोष केला. त्या जयघोषानें ह्यूबर्टाच्या मनांत गेल्या युद्धाची आठवण जागी झाली असल्यास नवल नाहीं. त्यानें कॉन्स्टन्टाइन, त्याचा पुतण्या व आणखी एक इसम ह्यांस पकडलें, आणि दुसऱ्याच सकाळीं, कोणतीही चौकशी न करितां, फांसावर दिलें. गळ्यांत दोर पडल्यावर कॉन्स्टन्टाइननें प्राणाच्या बदल्यांत पंधरा हजार मार्क देऊं केले, पण उपयोग झाला नाहीं. दुसरेही कित्येक लोक हातपाय तोडून सोडण्यांत आले. ज्या राज्याच्या सनदेंत न्यायनिर्णयावांचून कोणाचा नाश होऊं नये असें लिहिलें होतें, त्याच राज्याच्या मुख्य न्यायाधिकाऱ्यानें तें वचन एका रात्रींत बाजूस सारलें. राज्य संकटांत होतें, ही सबब खोटी नसेल; पण अशी सबब ज्या दिवशीं सांपडणार नाहीं असा दिवस सत्ताधाऱ्याच्या पंचांगांत कधींच नसतो.

पुढें त्याचें भाग्य शिगेस पोहोंचलें. स्कॉटलंडच्या राजाची बहीण मार्गारेट हिच्याशीं त्याचा विवाह इ. स. १२२१ मध्येंच झाला होता. इ. स. १२२७ त तो केंटचा अर्ल झाला, आणि १२२८ त जस्टिशियरपद त्यास तहहयात मिळालें. जुन्या सरदारांच्या डोळ्यांत हा नवा माणूस सलत होताच; किल्ले व जमिनी जमविण्याचा त्याचा हव्यासही कमी नव्हता. तरुण राजास आपलें गेलेलें फ्रेंच राज्य परत हवें होतें. इ. स. १२२९ मध्यें पोर्ट्‌स्मथ येथें जहाजें अपुरीं पडलीं, तेव्हां राजानें भर लोकांत ह्यूबर्टाला म्हातारा राजद्रोही म्हणून त्याच्यावर तरवार उपसली, असें बखरकार सांगतो. पुढल्या वर्षीं स्वारी निघाली ती व्यर्थ गेली. अशांत ह्यूबर्टाचा जुना वैरी, विन्चेस्टरचा बिशप पीटर डी रोश, परदेशांतून परतला व त्यानें राजाचे कान भरले. इ. स. १२३२ च्या जुलैंत तहहयात दिलेलें पद एका शब्दासरशीं काढून घेण्यांत आलें, आणि जॉनच्या काळापासूनच्या सर्व पैशाचा हिशेब द्यावा असा हुकूम झाला. ह्यूबर्ट म्हणाला, हिशेब माफ असल्याची जॉन राजाची सनद मजपाशीं आहे. पीटरनें उत्तर दिलें कीं, जॉन मेला आणि त्याबरोबर त्याची सनदही मेली. मग आरोपांचा वर्षाव झाला. धारण करणाऱ्यास युद्धांत अजिंक्य करणारें एक रत्न त्यानें खजिन्यांतून चोरून वेल्सच्या लेवेलिनला पाठविलें, असाही एक आरोप होता! अधिकार गेला म्हणजे माणसाविरुद्ध काय काय खरें ठरतें, ह्याचा हा उत्तम मासला होय.

ह्यूबर्टानें मर्टनच्या मठांत आश्रय घेतला. राजानें लंडनच्या नागरिकांस त्याला ओढून काढण्याचा हुकूम दिला. कॉन्स्टन्टाइनचा फांस न विसरलेले हजारों लोक आनंदानें शस्त्रें घेऊन निघाले. चेस्टरच्या अर्लानें राजास सावध केलें कीं, असा जमाव उठविणें सोपें असतें, आवरणें सोपें नसतें. तेव्हां त्यांस मागें बोलावण्यांत आलें. पुढें बेरी सेंट एडमंड्स येथें आश्रयास राहिलेल्या पत्नीस भेटावयास जात असतां, ब्रेन्टवुड येथें तीनशें हत्यारबंद लोक त्याच्यावर चालून आले. मध्यरात्रीं तो बिछान्यांतून उठून जवळच्या प्रार्थनामंदिरांत गेला, आणि एका हातांत क्रूस व दुसऱ्यांत पवित्र प्रसाद घेऊन वेदीपुढें उभा राहिला. लोकांनीं त्याला तेथून ओढून बाहेर काढलें.

बेड्या ठोकण्यासाठीं एका लोहारास बोलावण्यांत आलें. ह्या कुणासाठीं म्हणून त्यानें विचारिलें. नांव कळतांच त्यानें हातोडा उचलण्याचें नाकारिलें. सेंट ऑल्बन्स मठाचा बखरकार रॉजर ऑफ वेन्डोव्हर त्याच्या तोंडचें भाषण देतो, त्याचा मथितार्थ असा : मला हवें तें करा, वाटेल तर जीव घ्या, पण ज्यानें डोव्हर राखलें, समुद्रावर शत्रूचा नाश केला आणि इंग्लंड परकीयांपासून सोडवून इंग्लंडास परत दिलें, त्याच्या पायांत माझ्या हातून लोखंड पडणार नाहीं. शब्द बखरकाराच्या लेखणीनें सजविलेले असतील. तरी त्या काळच्या सामान्य माणसाच्या मनांत काय होतें तें ह्यावरून दिसतें. लोहार मिळाला नाहीं म्हणून कैद सुटली नाहीं. ह्यूबर्टाचे पाय घोड्याच्या पोटाखालीं बांधून त्यास लंडनच्या टॉवरांत नेण्यांत आलें.

येथपासून मात्र, सत्ता एकीकडे आणि रीत एकीकडे, असा झगडा सुरू झाला. लंडनच्या बिशपानें मंदिराचा आश्रय मोडल्याबद्दल बहिष्काराची धमकी दिली, तेव्हां राजास आपला कैदी त्याच मंदिरांत परत नेऊन ठेवावा लागला. मग शेरीफांनीं सभोंवार खंदक खणून अन्न तोडलें, व उपासानें त्यास शरण आणिलें. त्याचें द्रव्य लंडनच्या टेम्पलर साधूंपाशीं ठेव म्हणून होतें. राजानें तें मागितलें. ठेवणाराच्या संमतीवांचून ठेव देतां येत नाहीं, असें त्यांनीं राजास स्पष्ट सांगितलें. ह्यूबर्टानें संमति दिली तेव्हांच ती बाहेर आली. नोव्हेंबरांत त्याची रवानगी डिव्हायझेसच्या किल्ल्यांत झाली. एका वर्षानें, किल्ला आपल्या वैऱ्याच्या ताब्यांत जाणार असें ऐकून, बेड्यांसह दोघा सेवकांच्या आधारानें तो तेथील चर्चांत गेला. त्याला पुनः ओढून नेण्यांत आलें, आणि सॉल्सबरीच्या बिशपाच्या आग्रहानें पुनः परत ठेवण्यांत आलें. ऑक्टोबर १२३३ च्या अखेरीस राजाविरुद्ध उठलेल्या सरदारांनीं त्यास तेथून सोडवून वेल्सच्या सरहद्दीवर नेलें.

इ. स. १२३४ मध्यें नवा आर्चबिशप एडमंड ह्यानें राजास पीटर डी रोश व त्याच्या गोटांतील जस्टिशियर स्टीफन सीग्रेव्ह ह्यांस दूर करावयास लाविलें. मे महिन्यांत ह्यूबर्टाचें प्रकरण राजाच्या न्यायसभेंत आलें. त्याला कायद्याबाहेर घालविण्याची जी घोषणा झाली होती ती कायद्यास धरून झालेली नाहीं, म्हणून निरर्थक आहे, असा निर्णय झाला. आमच्या मतें ह्या साऱ्या कथेंतील कळसाचा क्षण हाच. राजानें आपल्या इच्छेनें केलेली गोष्ट, ती राजाची इच्छा असूनही, राजाच्याच न्यायसभेनें रद्द ठरविली. सनदेंतील कलम चर्मपत्रावरून उतरून प्रथमच इतक्या उघडपणें एका माणसाच्या कामीं आलें. आणि तो माणूस असा कीं, ज्यानें बारा वर्षांपूर्वीं तेंच कलम दुसऱ्यास नाकारिलें होतें.

ह्यूबर्टास जमिनी मिळाल्या, पद मिळालें नाहीं. इ. स. १२३९ त पुनः आरोप झाले व कांहीं किल्ले देऊन त्यास राजाची समजूत घालावी लागली. मे १२४३ मध्यें बॅन्स्टेड येथें तो वारला. वेस्टमिन्स्टर येथील आपला वाडा त्यानें डॉमिनिकन साधूंस दिला होता. त्यांजकडून तो यॉर्कच्या आर्चबिशपानें घेतला, पुढें वुल्झीच्या पतनानंतर तो आठव्या हेन्रीकडे आला, आणि त्याच जागेचें नांव व्हाइटहॉल पडलें. हिंदुस्थानच्या कारभाराचे हुकूम १९४७ पर्यंत जेथून सुटत, त्या व्हाइटहॉलच्या नांवामागें अशी एका पदच्युत न्यायाधिकाऱ्याची वास्तु आहे.

जस्टिशियरपदाचेंही पुढें फार दिवस चाललें नाहीं. सीग्रेव्हनंतर चोवीस वर्षें तें रिकामें राहिलें. १२५८ त सरदारांनीं तें पुनः उभें केलें. आणि ह्यू डिस्पेन्सर हा त्या पदावर असतां १२६५ त ईव्हशॅमच्या रणांत पडल्यावर पुनः कोणी नेमला गेला नाहीं. न्याय मुख्य न्यायाधीशांकडे, द्रव्य खजिनदाराकडे, शिक्का चान्सेलराकडे, अशी त्या अधिकाराची वांटणी झाली. एका हातांत न्याय, पैसा व किल्ले असले म्हणजे तो हात कितीही कर्तबगार असो, त्यास अडविणारें कोणी उरत नाहीं, हा धडा त्या राष्ट्रानें मोठी किंमत देऊन घेतला.

नियम आड आला म्हणजे त्यास तेवढ्यापुरतें दूर सारण्याचा मोह केवळ प्रतिराजांसच होतो असें नाहीं. संस्थांच्या कार्यकारी मंडळांत, कचेरींत, एकत्र कुटुंबाच्या वांटणींतही तो होतो, आणि प्रत्येक वेळीं कारण मोठें सबळ असतें. अशा वेळीं ह्यूबर्टाचीं दोन चित्रें डोळ्यांपुढें आणावीं : कॉन्स्टन्टाइनला चौकशीवांचून फांसाकडे पाठविणारा, आणि चौकशीवांचून आपणच वेदीकडे धांवणारा. पहिल्या दिवशीं जो नियम त्याला अडचण वाटला, दुसऱ्या दिवशीं त्या नियमावांचून त्याला दुसरा आधार नव्हता. आणि त्या दोहोंच्या मध्यें, ज्याच्यापाशीं सत्ता नव्हती, सनद नव्हती, केवळ एक हातोडा होता व तो उचलावयाचा कीं नाहीं एवढेंच ठरविण्याचा अधिकार होता, तो ब्रेन्टवुडचा लोहार उभा आहे. बखरकारानें त्याचें नांव लिहून ठेविलें नाहीं. न्यायाधिकाऱ्यांच्या यादींतही तें कोठें नाहीं. पण न्याय ज्या साध्या माणसांच्या नकारावर शेवटीं टिकून राहतो, त्यांच्या यादींत तें वरच्या ओळींत असलें पाहिजे.